दुधाची बाजू, मांसाची बाजू

४ मे

वन्सं,

पोचले. दोन्ही पाय बरोबर आणलेत, त्यातला एक कामाचा.

नात स्टेशनावर आली होती, पांढरा कोट घालून. मला वाटलं, कुणाला तरी उचलून न्यायला इस्पितळातून माणूस आलंय. तिचं काम म्हणजे म्हाताऱ्यांना गरम पाण्याच्या हौदात उतरवायचं आणि त्यांचे गुडघे वाकवायचे. माणसं बोंबलतात आणि जाताना तिचे आभार मानतात. आपण एवढी पोरं वाढवली, बोंबलणं तेवढं वाट्याला आलं.

इथल्या डॉक्टरानं गुडघा दाबून बघितला. म्हणाला, दीड महिना रोज हौदात बसा, नाहीतर जिने विसरा. मी म्हटलं, घर तिसऱ्या मजल्यावर आहे, जिने विसरून मी काय उडत जाऊ? तर आता दीड महिना.

गाव हवा खायचं आहे म्हणतात ते खरं. तळ्याकाठी ओळीनं हॉटेलं, रंगीत छत्र्या आणि त्याखाली उघडी पोटं. सगळे हवा खायला आलेत आणि दिवसभर दुसरंच काहीतरी चरतायत. हवा खरंच खातेय ती मी एकटी.

नातीची खोली हॉटेलाच्या मागे, कामाच्या माणसांच्या इमारतीत. जेवण पुढच्या मोठ्या हॉलात. लांबच लांब टेबलावर इथून तिथून पदार्थ मांडलेले, प्रत्येकाजवळ चिमटा. पण लोकांना कसला धरबंध! कोळंबीचा चिमटा उचलतात, पावात घालतात. डुकराचा चिमटा काकडीत. मांसावर तर सगळीकडे पांढरी साय ओतलेली. मी ताट घेऊन टोकापासून टोकापर्यंत गेले आणि रिकामं ताट परत ठेवलं.

आचारी बघत होता. उंच टोपी, बारीक मिशी. जवळ आला, म्हणाला, "आजी, काय हवं ते सांगा, वेगळं करून देतो." माणूस चांगला. म्हटलं, "आम्ही यहुदी, आम्हाला कोशर लागतं."

"म्हणजे काय काय नको?"

"डुक्कर नको. पाण्यातलं खवले नि पंख नसलेलं काही नको. बाकी जनावर चालतं, पण आमच्या माणसानं आमच्या रीतीनं कापलेलं. आणि दूध नि मांस एकत्र नको. ताटात नको, भांड्यात नको, पुसायच्या फडक्यातसुद्धा नको."

त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं. "मग आजी, तुम्ही खाता तरी काय?"

म्हटलं, "तुझं डोकं खाल्लं असतं, पण तेही आमच्या रीतीनं कापलेलं नाही."

पोट धरून हसला. सफरचंदं नि उकडलेली अंडी घेऊन आला. अंडी कुठल्या पातेल्यात उकडली ते विचारलं, आणि सफरचंदं तेवढी उचलली.

तेव्हा वन्सं, इथं आपलं मांस मिळणार नाही. म्हणजे माझी बाजू बंद, उरली तुमची. सासूबाईंनी आपल्या भांडणाला कंटाळून स्वयंपाकघराचे दोन वाटे केले, दूध लेकीला, मांस सुनेला, तेव्हा माझ्या हातावरची हळदसुद्धा उतरली नव्हती. त्या दिवसापासून मी दुधाच्या पातेल्याला बोट लावलेलं नाही. नात म्हणते, "आजी, खोलीत शेगडी आहे, तू तुझं करून घे." तिला वाटतं आजीला सगळं येतं. कुठं बोलू नका, पण सत्तरी उलटली तरी मला दूध तापवता येत नाही.

कसं करायचं ते कळवा. टोमणे नंतर मारा.

तुमची वहिनी


९ मे

प्रिय वहिनी,

पत्र मिळालं. चष्म्यानं भागलं नाही, भिंग लावून वाचलं. शाळा तिसरीत सोडलीस ते ठीक, पण अक्षर पहिलीतच सोडलं होतंस वाटतं.

टोमणे नंतर मारायला सांगितलेस, म्हणून हा एकच.

नातीची शेगडी आधी रिकामीच लाल होईपर्यंत तापव. तिच्यावर काय काय शिजलं असेल ते विचारू नकोस, उत्तर ऐकवणार नाही. पातेलं कोरं आण. एक मोठं, एक लहान, एक चमचा, एक सुरी. त्यांत फक्त दूध, भाजी, अंडी. अंडं आधी वाटीत फोडून बघ, रक्ताचा ठिपका असेल तर टाक. एवढं तुलाही माहीत आहे, पण तू घाईची.

आता दूध. पातेल्यात आधी घोटभर पाणी घाल म्हणजे तळाला लागत नाही. आच मंद. आणि त्याच्यासमोर उभी राहा. तू चुलीवर मांस ठेवून जिन्यात गप्पा मारायला जातेस, ते इथं चालत नाही. मांस वाट बघतं, दूध बघत नाही.

बटाटे उकडून दुधात सोड, वर मिरी. पोट भरेल. दूध नासलं तर रडू नकोस, त्यात लिंबू पिळ, फडक्यात बांध, सकाळी पावाला लाव आणि मुद्दाम केलं म्हणून सांग. मी इतकी वर्षं तेच करते आहे.

इथं सगळं ठीक. माझी बाजू चालू आहे, तुझी कुलपात. घरात फोडणीचा ठसका नाही, तुझा आवाज नाही. फार शांत आहे.

पेन कुठं ठेवलं सापडत नाही, म्हणून पेन्सिल. खालच्या मजल्यावरची शिवणवाली हे पेटीत टाकेल, तिला तसंही बाहेर पडायचंच असतं.

गुडघ्याचं ऐक. डॉक्टरशी वाद घालू नकोस.

तुझी
वन्सं


१६ मे

वन्सं,

दूध पहिल्या दिवशी उतू गेलं. दुसऱ्या दिवशी उतू गेलं. तिसऱ्या दिवशी मी समोर खुर्ची टाकून बसले, डोळ्यात डोळे घालून. काही होईना. म्हटलं, जरा खिडकीतून बघावं कोण ओरडतंय, तर तेवढ्यात गेलं मेलं. शेजारच्या खोलीतली चादरी बदलणारी बाई धावत आली, तिला वाटलं आग लागली. आता ती रोज सकाळी विचारते, "आजी, आज राहिलं का?" अख्ख्या इमारतीला माझ्या दुधाची काळजी.

काल राहिलं. बटाटे केले. नातीनं दोन वेळा घेतले. म्हणाली, "अगदी आत्याआजीसारखे." मी म्हटलं, "तिच्यापेक्षा मीठ बरं आहे." खोटं बोलले. तुमच्यासारखेच झाले होते, पण तुमच्यासारखे झाले म्हणून आवडले का भुकेनं, ते कळलं नाही.

नातीच्या फ्रिजमध्ये एक डबा होता. झाकण उघडलं, बघितलं, लावलं. आतलं आपल्यात चालणारं नव्हतं. ती दारात उभी होती, तोंड पांढरं पडलेलं. मी म्हटलं, "ह्याच्याजवळ माझं लोणी ठेवू नकोस, वरच्या फळीवर ठेव." तिनं मान हलवली. दुसऱ्या दिवशी डबा नव्हता. मी काढायला सांगितलं नव्हतं.

आता ऐका खरी बातमी. मासा मिळाला! होड्या लागतात तिथल्या धक्क्यावर एक मासेवाली आहे. काठी टेकत गेले. बघते तर सगळी मासळी सोलून, तुकडे करून काचेत मांडलेली, सरकारी साबणाच्या वड्यांसारखी. म्हटलं, "कातडीसकट दाखव."

"आजी, सोललेला घ्या. काटा नाही, कातडी नाही, दात नसले तरी चालतो."

"दात माझे मला आहेत. कातडी काढल्यावर हा कोण ते मी कसं ओळखू? खवले दिसले पाहिजेत."

"अहो, मासा आहे तो!"

"असं तू म्हणतेस."

तिनं कमरेवर हात ठेवले. "आजी, मासा न्यायचाय का सोयरीक जुळवायचीय?"

म्हटलं, "सोयरीक बिघडली तर निस्तरता येते, पोटात गेलेलं परत काढता येत नाही." मग तिनं खालच्या टोपलीतून अख्खा काढला. मी नखानं खरवडून बघितलं, खवला सुटून आला. पंखही जागच्या जागी. म्हटलं, हाच. पिशवीतून माझी सुरी काढली आणि तिच्या हातात दिली, "हिनंच काप." मागं रांगेत उभे होते ते दोन पावलं सरकले. पण कापला तिनं, आणि पाणीसुद्धा नवं घेतलं. आता मी दिसले की लांबून ओरडते, "व्याही आले, व्याही आले!"

आपल्या घरी मासा का नाही हो शिजत? मला आत्ता आठवलं. मासा धड दूध नाही, धड मांस नाही. कुणाच्या बाजूचा ते सासूबाईंनी सांगितलं नाही आणि त्या गेल्या. भांडण नको म्हणून आपण मासाच बंद केला. काय शहाण्या बायका आपण!

आता तुमचं. वन्सं, मी शिकलेली नाही, आंधळीही नाही. तुमच्या पत्राच्या ओळी वर चढत चढत कोपऱ्यात गेल्यात. टेबलावर बसून तुम्ही रेघ मारल्यासारखं लिहिता. ते पडून लिहिलंय. पडून पेन चालत नाही म्हणून पेन्सिल. आणि शिवणवालीला तुम्ही इतक्या वर्षांत सुई आणायला सांगितली नाहीत, पत्र टाकायला सांगितलंत. काय झालंय?

वहिनी


१९ मे

प्रिय वहिनी,

तू पोलिसात जायला हवी होतीस.

काही झालेलं नाही. मोरीपाशी भांडी घासताना जरा डोळ्यांपुढे अंधार आला आणि मी खाली बसले. बसले म्हणजे, शिवणवाली वर आली तेव्हा मी बसलेली होते. तिनं डॉक्टर आणला. अंगात रक्त कमी आहे म्हणाला. वयाप्रमाणे. औषध दिलंय.

आणि रोज मांसाचा रस्सा प्यायला सांगितलाय. मी म्हटलं, ते खातं माझ्याकडे नाही. तो म्हणाला, मग ज्यांच्याकडे आहे त्यांना बोलवा. मी म्हटलं, ते खातं तळ्याकाठी हौदात बसलंय. तो तरुण आहे, त्याला काही कळलं नाही.

शिवणवाली म्हणाली, मी आणून देते करून. तिच्या घरचं मला चालणार नाही हे तिलाही माहीत आहे, तरी म्हणाली. चांगली आहे ती. मी उगाच इतकी वर्षं तिला गप्पिष्ट म्हणत होते.

तुझ्या भांड्यांना मी हात लावणार नाही. आईनं वाटून दिलेलं आहे. आई गेली म्हणून वाटणी जात नाही.

आणि तू लगेच पेटी भरायला घेतली असशील, ती खाली ठेव. हौद अर्धा टाकून आलीस तर तिसऱ्या मजल्यावर चढणार कशी? तू खालून हाका मारशील आणि मी वरून ऐकेन, दोघींनाही जिना नाही. मी दार उघडणार नाही, सांगून ठेवते.

तुझी
वन्सं


२२ मे

वन्सं,

पेटी भरली होती. नातीनं तिच्यावर बसून तुमचं पत्र वाचून दाखवलं आणि उठेचना. डॉक्टरालाही बोलावून आणलं. तो म्हणाला, गुडघा आता कुठं वळणावर आलाय, सोडलात तर पहिल्यापेक्षा वाईट. तेव्हा राहतेय. पण फुकट नाही. तुम्ही रस्सा करणार आणि पिणार.

आईची वाटणी, आईची वाटणी! सासूबाई असत्या तर तुमच्या नाकाला चिमटा लावून घशात ओतला असता. आजाऱ्याचा जीव आधी, हे आपल्याच धर्मात सांगितलंय. मी तिसरीत शाळा सोडली, पण हे मला पाठ आहे.

किल्ली पिठाच्या डब्यामागे. काय, तुम्हाला माहीत होतं? असणारच.

शिवणवालीला आपल्या खाटकाकडे पाठवा. त्याला नुसतं "वहिनींनी सांगितलं" म्हणायचं, तो गळ्याकडचं नि पाठीचं देईल. स्वतःच्या मनानं द्यायला लागला तर म्हणायचं, वहिनी महिन्याभरात परत येणार आहेत. तेवढं पुरतं. कोंबडी नको, तुम्ही तिच्याकडे बघून रडाल. हाडाचं मांस आणा. ते कोणाचं ते कळत नाही.

लाल काठाचं फडकं माझं, निळ्याचं तुमचं, हे सांगायला नको. लाल घ्या. मोठ्या पितळी भगुण्यात मांस पाण्यात बुडवून अर्धा तास ठेवा. पाणी लाल होईल. होऊ दे, डोळे मिटू नका. मग फळी तिरकी ठेवायची, एका बाजूला खाली पाटा द्या. तिच्यावर मांस, आणि जाडं मीठ सगळीकडून. हात आखडायचा नाही. तुम्ही मीठ घालता म्हणजे अंगारा लावल्यासारखं, तसं नको. तासभर रक्त गळू दे. मग वाहत्या पाण्यात तीनदा धुवा. काळीज आलं असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. त्याला मीठ पुरत नाही, ते आचेवर भाजूनच काढावं लागतं.

मग मोठं पातेलं, मांस, पाणी वरपर्यंत, कांदा चिरून, मिरी. मीठ घालायचं नाही, त्यात आहे. आच मंद ठेवून विसरून जा. तुम्हीच म्हणालात ना, मांस वाट बघतं. जिन्यात जाऊन शिवणवालीशी गप्पा मारा. गप्पा मारल्याशिवाय रस्सा चांगला होत नाही, ही माझ्या बाजूची रीत आहे.

दोन वाट्या सकाळी, दोन संध्याकाळी. आणि पिऊन झाल्यावर तुमच्या दह्याला सहा तास हात लावायचा नाही. हे तुम्हाला रोज दोनदा कधी सोसावं लागलं नाही, आता कळेल आम्ही कसं जगतो ते.

वहिनी


२८ मे

प्रिय वहिनी,

तुझ्या सांगण्याप्रमाणे सगळं केलं. भिजवलं, मीठ लावलं, धुतलं. कांदा घातला. रस्सा अगदी स्वच्छ, पाण्यासारखा नितळ झाला. दोन वाट्या घेतल्या. छान लागला. अंगात ताकद आल्यासारखं वाटतं आहे.

आता माझी काळजी सोड आणि स्वस्थ हौदात बस. गुडघा कसा आहे? नात कशी आहे? व्याह्यांना नमस्कार सांग.

तुझी
वन्सं


३१ मे

वन्सं,

खोटारड्या.

रस्सा पहिल्यांदा उकळतो ना, तेव्हा वर राखाडी फेस येतो, बोटभर जाड, साबण पडल्यासारखा. तो पळीनं काढावा लागतो, पुन्हा येतो, पुन्हा काढावा लागतो. नवशिकी बाई तो बघून चूल बंद करते. मी पहिल्यांदा केला तेव्हा "सासूबाई, मांस विषारी आहे!" म्हणून ओरडत बाहेर पळाले होते. तुम्ही ओटीवर बसून हसत होता, मला अजून दिसताय.

तो फेस मी पत्रात लिहिला नव्हता. मुद्दाम. ज्यानं रस्सा केला असता, त्यानं परतीच्या पत्रात आधी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. तुमचा आपला स्वच्छ आणि नितळ!

माझी भांडी कुलपातच आहेत. तुम्ही दूध-पाव खाऊन पडून आहात. मी इथं माशाला तोंड लावलं की तुमचं तोंड दिसतं. काल नातीनं विचारलं, "आजी, काटा लागला का?" म्हटलं, हो.

वन्सं, मला विनवण्या करता येत नाहीत, कधी केल्या नाहीत. कसं करतात ते माहीत असतं तर इथं लिहिलं असतं. का करत नाही ते सांगा. वाटणीचं सांगू नका. खरं सांगा.

वहिनी


५ जून

वहिनी,

खरं सांगते. मग वाचून फाडून टाक.

तू गेल्यावर चौथ्या दिवशीच नातीचं मला पत्र आलं. तुला माहीत नाही, तिनं सांगू नका म्हणून लिहिलं होतं. "आत्याआजी, आजी इथं खूश आहे. आल्या आल्या आचाऱ्याशी भांडली, हवा खाते. इथं जिने नाहीत. मी तिला इथंच ठेवून घेऊ का? तुम्ही हो म्हणालात तरच." मी हो कळवलं. तुझ्या पायांसाठी हेच बरं, हे मला दिसत होतं. मी काही एवढी स्वार्थी नाही.

हो कळवलं आणि दुसऱ्या दिवशी मोरीपाशी बसले.

तुझं रस्स्याचं पत्र आलं तेव्हा मी किल्ली काढली. कपाटसुद्धा उघडलं. तुझं ते मोठं पातेलं हातात घेतलं, आणि मला वाटलं, तिला आता माझी बाजू येते. मला तिची आली, म्हणजे झालंच. मग आपण एकमेकींना लागणार कशाला? आई शहाणी होती वहिनी. तिनं भांडण मिटवायला वाटे केले नव्हते. तिला ठाऊक होतं, लेकीचं लग्न जमत नाही, उद्या भाऊ नसला तर भावजय हिला का ठेवून घेईल? म्हणून अर्धं जेवण माझ्या हातात ठेवलं. मी नसले तर तुला दूध नाही, तू नसलीस तर मला मांस नाही. भाऊ गेला तेव्हा तू मला जा म्हणाली नाहीस. मी अजून घाबरते.

पातेलं परत ठेवलं. कुलूप लावलं. दूध-पाव गोड लागत नाही, पण तेवढं चालतं.

तू तिथं राहा. नातीला त्रास देऊ नकोस.

तुझी
वन्सं


९ जून

वन्सं,

फाडलं नाही. मला कागद फाडायला आवडत नाही.

नातीला समोर बसवलं. म्हटलं, "मला न विचारता माझा लिलाव कुणी मांडला?" ती आधी हसली, मग रडायला लागली. म्हणाली, "आजी, तू आल्यापासून मी घरी जेवते. तू गेलीस की परत त्या चिमट्यांच्या टेबलावर. एकटीसाठी कोण दोन भांडी ठेवतं?"

वन्सं, मी तिचं डोकं मांडीवर घेतलं, चांगला गुडघा होता त्या बाजूला. मग म्हटलं, "दोन ठेवू नकोस, एक ठेव. माझं पातेलं इथंच राहील. मासेवालीला तू माझी आहेस हे सांगून ठेवते. दर उन्हाळ्यात मी बघायला येईन, पातेल्यात भलतं काही शिजवलंस तर मला वासावरून कळतं." ती म्हणाली, "आत्याआजी एकट्या आहेत म्हणून चाललीस ना?" म्हटलं, "ती एकटी आहे म्हणून नाही. ती माझ्यामागं माझ्या पातेल्याला कसली कसली बोटं लावेल म्हणून."

आता तुमच्याकडे वळते. तुमचा भाऊ गेला तेव्हा मी तुम्हाला जा म्हणाले नाही, कारण मला तसं सुचलंच नाही. तुम्ही जाणार कुठं आणि मी भांडणार कुणाशी? एवढं साधं होतं ते, आणि तुम्ही त्याच्यावर इतकी वर्षं रात्री जागवल्यात! बटणांच्या दुकानात अर्धं आयुष्य काढलंत, काजं-बटणं जुळवलीत, आणि एवढं जुळवता आलं नाही?

आपण एकमेकींना स्वयंपाकासाठी लागतो होय? स्वयंपाक कुठलीही खाणावळवाली करते. नावं ठेवायला लागतो आपण. ते कोण करणार माझ्यासाठी? नात तर सगळं छान म्हणते. तुमच्याशिवाय मला कळतच नाही मीठ जास्त झालंय ते.

तेव्हा मी ठरवलंय. मी आले की वाटे बदलायचे. दुधाची बाजू माझी, मांसाची तुमची. मला दूध येतं म्हणजे काय येतं, पाचात एकदा राहतं. तुम्हाला मांस येत नाहीच. उरलेली सगळी वर्षं एकमेकींच्या चुका काढण्यात जातील आणि तरी पुरणार नाहीत. सासूबाईंना काय सांगायचं ते मी वर गेल्यावर बघून घेते.

आणि मासा दोघींचा. त्याच्यावरून रोज भांडू.

पण ह्या सगळ्याला तुम्ही जिवंत लागता. मी एकवीस तारखेच्या गाडीत बसतेय, त्याच्या आधी नाही, हौद पुरा करूनच. तेवढे दिवस दुधा-पावावर काढायचे नाहीत. करा रस्सा. हे मी सांगत नाही, विनवते. अशीच करतात ना विनवणी?

तुमची वहिनी


१५ जून

प्रिय वहिनी,

विनवणी अशी करत नाहीत. पण चालेल.

केला. काल. शिवणवालीनं मांस आणलं. खाटकानं आधी भलतंच दिलं होतं, तिनं तुझं नाव काढलं, मुकाट्यानं बदलून दिलं. माझ्यानं फार वेळ उभं राहवत नाही, म्हणून चुलीपाशी खुर्ची टाकली आणि बसून केला. शिवणवाली दारात बसून शिवत होती. आत येऊ का म्हणाली, मी म्हटलं, तिथूनच बोल, बोलणं लागतं म्हणे ह्याला.

पाणी लाल झालं तेव्हा मी डोळे मिटले. उघडले, तरी लालच होतं. मीठ हात न आखडता लावलं, फळी तिरकी ठेवली, सगळं ओट्यावरून खाली वाहिलं, कारण खाली भांडं ठेवायचं हे तू लिहिलं नव्हतंस. ते पण मुद्दाम का? माझ्या बाजूपर्यंत ओघळ गेला. निळ्या काठाचं एक फडकं त्यात कामी आलं, ते आता तुझ्या बाजूचं झालं. म्हणजे माझ्या. कसं काय लक्षात ठेवायचं ते तू आल्यावर ठरवू.

मग उकळी आली आणि तो फेस. वहिनी, तू सांगून ठेवलं होतंस तरी मी ओरडले. शिवणवाली कात्री घेऊन आत धावली. मग आम्ही दोघी हसायला लागलो, हसता हसता मी पळीनं काढत होते आणि तो परत येत होता, काढत होते आणि येत होता. ओटीवर बसून तुला हसले होते, त्याचं आता वाईट वाटतं. थोडंसंच.

दोन वाट्या प्यायले. पहिली डोळे मिटून, दुसरी उघडे ठेवून. संध्याकाळी अजून दोन. आज सकाळी उठून खिडकीपर्यंत गेले आणि परत आले, भिंत न धरता. हे पत्र टेबलावर बसून लिहिते आहे. ओळी बघ.

तुझ्या हातचा लागतो तसा नाही लागला. लिहिलंय म्हणून चढून जाऊ नकोस.

पातेल्याच्या बुडाला करपलं आहे, चांगलं तळहाताएवढं. राख लावली असती तर निघालं असतं. नाही लावली. तसंच ओट्यावर ठेवलंय. तू दारातून आत आलीस की लगेच काहीतरी बोलायला हवं ना.

तुझी
वन्सं